मानाच्या जागेवरची लाइन

नारिन गावातल्या आमच्या टीव्ही कंपनीत ऑर्मोनबेक बाइके, म्हणजे आमचे थोरले दादा, बावीस वर्षं आहेत. घराघरांत चित्र पोचवणाऱ्या स्विच नावाच्या यंत्रांमध्ये कुठला मार्ग पहिला आणि कुठला दुसरा, हे आकडे तेच भरतात. आकडा लहान तर मान मोठा. मेजवानीतल्या जागा वाटून द्याव्यात तसे बाइके हे आकडे वाटून देतात. केबलची जी लाइन आधी आली तिला एक, मागून आली तिला दोन. दारासमोरची मानाची जागा वडीलधाऱ्याची, यात ते यंत्रालाही सूट देत नाहीत.

शनिवारी राजधानीत, बिश्केकला, कोक-बोरूची फायनल होती. घोड्यांवरून बोकडाचं धड ओढायच्या त्या खेळात त्यांचा धाकटा मुलगा एर्मेक पहिल्यांदाच फायनलला उतरणार होता. घरी शहाऐंशी वर्षांची आई अंथरुणाला खिळलेली. "नातवाला खेळताना बघितल्याशिवाय मी मरायची नाही," असं तिने जाहीर केलं होतं, आणि डॉक्टर म्हणाले होते, तो दिवस फार लांबवू नका. म्हणून बाइके बिश्केकला न जाता, आईपर्यंत चित्र नीट पोचावं यासाठी ऑफिसात थांबले.

दोन वाजता खेळ सुरू झाला आणि गावभर पडदे काळे. मी तपासलं. खेळाचं चित्र येत होतं, पण परवाच टाकलेल्या नव्या लाइनीने. टीव्हीचं चित्र स्विच फक्त एक नंबरच्या मार्गावरून आलेलं घेतो. दुसरीकडून आलं तर ते दारातच फेकून देतो.

"बाइके, नवीला एक द्या, जुनीला दोन."

"मीरिम, जुनी लाइन आम्ही डोलोन घाटातून खांद्यावर वाहून आणली. ती खाली बसणार आणि ही परवाची पोर वर?"

"फक्त टीव्हीपुरतं. बाकी सगळ्याला जुनीच वर राहू दे."

"लोक काय म्हणतील?"

मी वाजणारा फोन त्यांच्या हातात दिला. लोक काय म्हणतात ते त्यांनी मिनिटभर ऐकलं, फोन ठेवला आणि आकडे बदलले.

आमच्या ऑफिसात टीव्ही नाही. साहेबांच्या मते टीव्ही असला की कामं होत नाहीत. आम्हाला दिसते ती फक्त यादी, चित्र मागणाऱ्या प्रत्येक घराची एक ओळ. आईच्या घराची ओळ उमटली तेव्हा बाइकेंनी तिथे बोट ठेवलं आणि स्पीकरवर घरी फोन लावला.

"दिसतोय," आई म्हणाली. "वाळलाय. आता फोन ठेव."

पाऊण तास ते त्या एका ओळीकडे बघत बसले. मग ओळ गेली. शेजारच्या घरांच्या ओळी जागच्या जागी होत्या. बाइकेंनी पुन्हा घरी फोन लावला. फोन उचलायला आईने, बाइकेंच्या आपाने, फार वेळ लावला.

"आपा, काय झालं? टीव्ही का गेला?"

"मीच बंद केला. पोरगा घोड्याखाली गेला."

"उठला का?"

"मला काय माहीत? सांगितलं ना, बंद केला."

"आपा, लाव."

"माझ्याच्याने नाही बघवत. तूच बघ."

"मला इथे दिसत नाही गं. लाव ना, आई."

फोनमध्ये तिने उशाशी रिमोट चाचपडल्याचा आवाज आला. मग यादीत ओळ परत आली. बाइकेंनी डोळे मिटून घेतले.

"उठला," आई म्हणाली. "लंगडतोय, पण परत चढतोय मेला."