घराभोवतीचं औषध

आंजी गावात आमच्या शेजारी झाडपाल्याचं औषध देणारे एक वैद्यबुवा राहायचे. ज्याचं दुखणं, त्याच्याच घराभोवतीचा पाला, हा त्यांचा नियम. आदल्या संध्याकाळी ते त्या झाडाला हळद-तांदूळ वाहून आमंत्रण देत आणि सकाळी पाला तोडत.

नव्वदच्या सुमाराला आईच्या हातावर नायटा उठला. नायट्यावर तरोट्याचा पाला चोळतात, हे आमच्याकडे पोरासोरांनाही ठाऊक. पण तोवर घराभोवती नुसतं गाजरगवत माजलं होतं. परदेशी गव्हासोबत आलेलं ते गवत निंदताना बायकांचे हात खाजून लाल व्हायचे.

बाबा म्हणाले, "नाल्यावर तरोटा हाये, आणून देतो."

"दुसऱ्या जागचा लागत नाई," वैद्यबुवा म्हणाले. "दारात आलं ते कामाचं असनच."

संध्याकाळी त्यांनी गाजरगवताला हळद-तांदूळ वाहिले. असा संताप आला मला! उपटून फेकायच्या गवताला कसलं आमंत्रण?

सकाळी लेप लागला आणि दुपारपर्यंत आईचा हात कोपरापर्यंत सुजला. बाबांनी तिला दवाखान्यात नेलं. परत आल्यावर रागाच्या भरात त्यांनी घराभोवतीचं हिरवं पानसुद्धा ठेवलं नाही.

पुढे आईला ताप आला, तर तिनं पुन्हा वैद्यबुवांनाच बोलावलं. त्यांनी घराला एक फेरी मारली आणि ते उंबऱ्याबाहेरच थांबले.

"बाई, तुमच्या दारात आता काहीच नाई," एवढं बोलून ते गेले.

आईच्या हातावरचे काळे डाग अजून गेले नव्हते. तोच हात कपाळावर ठेवून ती बाबांना म्हणाली, "काऊन उपटलं जी सगळं?"