समजा, पानी आलं

“समजा, पानी आलं!” असं म्हणून ती टाळी वाजवायची आणि मांडी घालून बसलेला सगळा पाडा उभा करायची. तुम्ही तिथे असता तर तुम्हीही उठला असता.

मनोरच्या आसपास, नदीकाठच्या पाड्यांवर आम्ही दोघी पुराची तयारी शिकवायला जायचो. मी चित्रं लावून माहिती सांगायचे. ती किनाऱ्यावरच्या मच्छीमार घरातली, भाषणाचा तिला भारी कंटाळा. ती लोकांना घरी धाडायची आणि टाळी ऐकली की शाळेच्या टेकाडावर पळत यायला लावायची. एकदा एक आजी काखेत कोंबडी घेऊन आल्या. सगळे हसले, ती सोडून.

“कोंबडी चालंल आजी, पन नातीला कोन आनंल?”

आजी परत गेल्या, नातीला घेऊन आल्या. कोंबडी काखेत होतीच.

ती एका जागी बसल्याचं मला आठवत नाही. चहासुद्धा उभ्यानं. तिचा नवरा होडीवर पडल्यापासून खाटेला खिळलेला. उमरोळीजवळच्या सखल वस्तीत दोघंच राहत. सकाळी त्याचं सगळं आवरून ती निघायची.

त्या पावसाळ्यात नदी पुलावरून वाहू लागली, तेव्हा आम्ही पाड्यावरच होतो. आरडाओरडा झाला, रडारड झाली, पण सगळी माणसं टेकाडावर पोचली. मग कुणीतरी सांगितलं, उमरोळीकडेही पाणी भरलंय. रस्ता बंद. नवऱ्याचा फोन लागेना. ती शाळेच्या व्हरांड्यात येरझारा घालू लागली. मध्येच पोरांना खिचडी वाढायची, आणि पळी हातातच राहायची.

“सगल्यांना शिकवत फिरले. माज्या वस्तीत एकदा पन सभा घेतली नाय गं मी.”

मी तिच्या हातातली पळी घेतली आणि पोरांना वाढू लागले.

दुसऱ्या दिवशी पाणी उतरल्यावर आम्ही तिच्या घरी पोचलो. आत गुडघाभर चिखल आणि रिकामी खाट. ती दारातच थिजली. शेजारी बोईसरच्या कारखान्यात कामाला जाणारे चार बिहारी तरुण भाड्यानं राहत. त्यांच्यातला एक समोरच्या गच्चीवरून ओरडला, “चाची, चाचा इधर हैं! कुर्सी पे उठाके लाए!”

वर नवरा कुणाच्या तरी लुंगीत, प्लास्टिकच्या खुर्चीत बसला होता. तिला बघून हसला. “गावं शिकवतेस, घराला कोन शिकवंल?”

ती मटकन खाली बसली आणि पदरानं त्याचे पाय पुसू लागली. पाय कोरडेच होते.

खाली, समोर तिच्या घरातला चिखल ते तरुण उपसत होते. एकानं दारालगतच्या दिव्याच्या बटणाकडे हात नेला, तशी ती गच्चीवरून ओरडली, “बटन को हात मत लगाव! पयले भिंत सूखने दो!”

त्यानंतर ती माझ्याबरोबर कधी आली नाही. आता तिच्याच आळीत सभा घेते म्हणे. पाड्यांवर मी एकटी जाते. आभाळ भरून आलं की तिला फोन करते.

“बोल लवकर,” ती म्हणते. पलीकडे जड सामान माळ्यावर सरकवल्याचा आवाज येतो, आणि माझं वाक्य पुरं व्हायच्या आत फोन बंद होतो.