गुलाबकाका आणि दोन मिनिटांची चोरी

गुलाबकाका कुणाच्याही घरी गेले की आधी चपला काढत, मग भिंतीवरचे फोटो सरळ करत आणि मग म्हणत, "पानी दे वं बेटा." घरात कोण आजारी आहे, कुणाचं लग्न ठरलंय, सगळं नंतर. आमच्याकडे तर ते थेट बाबांच्या फोटोपाशी जात. फ्रेमचा खालचा कोपरा बोटाने जरासा वर लोटत, एक डोळा मिटून बघत आणि हुश्श करत. मला वाटायचं, फ्रेमवाल्यांची ही रीतच असेल.

कळंबला चिंतामणीच्या देवळाकडे जाणाऱ्या रस्त्यावर त्यांचं फोटो फ्रेम करायचं दुकान होतं. एका भिंतीवर गणपती, समोरच्या भिंतीवर गेलेली माणसं. "इकडचे नवसाचे, तिकडचे आठवनीचे. काच दोघायलेही सारखीच लागते," म्हणायचे.

मी राळेगावच्या शाळेत शिकवते. एका रविवारी दुपारी मला काय सुचलं कोण जाणे, मी त्यांना दुकानातच मोबाइलवर एक परदेशी सिनेमा दाखवला, हिंदीत बोलणारा. चित्रांच्या चोरीचा. शेवटी संग्रहालयातले दिवे दोन मिनिटं जातात. तेवढ्यात चोर फ्रेममधलं खरं चित्र काढून नकली बसवतो. खाली स्टुलावर चौकीदार बसलेला, त्याला पत्ताच नाही! मी तर टाळ्या वाजवल्या.

"हॅट!" काका उखडले. "मांगचे खिळे उपटाचे, पुठ्ठं काढाचं, चित्र बदलाचं, पुन्हा खिळे ठोकाचे. दोन मिनिटांत? आन् ठोकल्याचा आवाज थ्या चौकीदाराले आला नाही? कान भाड्यानं देल्ते का त्यानं?"

"सिनेमा आहे काका, सोडा ना."

सोडतात कसले! पुढच्या रविवारी मला मोबाइलवर वेळ लावून बसवलं आणि स्वतः एक फ्रेम उघडून, चित्र बदलून, पुन्हा बंद केली. चाळीस वर्षांचा हात, तरी एकोणीस मिनिटं लागली. वर अंगठ्यावर हातोडी बसली ती वेगळीच. मी पोट धरून हसले. काका हसले नाहीत. तोंडात धरलेला अंगठा काढून हळूच बोलले.

"आयकलं त्यानं, बेटा. चौकीदारानं सारं आयकलं. आयकून बसून राह्यला."

"पण का?"

"तुह्या बाबाच्या शर्टाचा खिसा कोन्या बाजूनं हाय?"

"डाव्या. अजून कुठे असणार?"

"घरी जाऊन पाय."

मग सगळं बाहेर आलं. बाबा गेल्यानंतरच्या पावसाळ्यात ओल येऊन त्यांचा फोटो काचेला चिकटला होता. आईने काच बदलायला काकांकडे दिला आणि सोडवताना चेहराच फाटला. काका स्टुडिओत धावले. जुनी निगेटिव्ह नशिबाने सापडली. नवा फोटो काढून घेतला, जुन्याच फ्रेममध्ये ठोकला, आमच्या भिंतीवर लावला. आईने हार घातला तेव्हा कुठे त्यांच्या लक्षात आलं, निगेटिव्ह उलटी छापली गेली होती. खिसा उजवीकडे, भांग उजवीकडे, अख्खे बाबाच उलटे.

"एकच फोटो व्हता, बेटा. वैनीनं भरवशानं माह्या हातात देल्ता. कोन्या तोंडानं सांगू? समजलं तं दारात उभं करनार नाही, हेच भेव वीस वर्सं." ते ठेचलेला अंगठा चोळत राहिले. "आन् आता वाटते, तिले मालूमच हाय."

त्याच फोटोला नमस्कार करून मी प्रत्येक परीक्षेला गेले होते. मला तरी कुठे दिसलं होतं! लाज वाटली आणि हसूही आलं.

संध्याकाळी काका आले. काखेत कागदात गुंडाळलेला सुलट फोटो, गुपचूप बदलायची संधी न मिळाल्याने कित्येक वर्षं दुकानात लपवलेला. सवयीने आधी भिंतीवरचा फोटो सरळ केला आणि मग म्हणाले, "वैनी, हा फोटो..."

आई तुरीची डाळ निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "उलटा हाय. पयल्याच दिवशी हार घालताना दिसला मले."

"मंग बोलल्या काहून नाही?"

"भाऊजी, थे गेल्यावर महिन्याभरात सारे घरी याचे बंद झाले. तुमी तेवढे येत राह्यले, फोटो सरळ कराले. मी बोलली असती तं आले असते का?"

काका ढसाढसा रडले. आईने सुलट फोटो नीट पाहिला आणि कपाटात ठेवून दिला. "हा राहू द्या आत. थ्या भिंतीवरच्यासंगच बोलनं होते माह्यं."

निघताना काकांनी मला फाटकापाशी गाठलं. डोळे लाल, पण ऐट तीच. "पाय, म्हनलं नव्हतं मी? चौकीदारानं आयकलं व्हतं!"

यंदा काका गेले. परवा कोळ्याची जाळी काढताना झाडू लागून बाबांची फ्रेम तिरपी झाली. मी हात वर केला तशी आई मागून म्हणाली, "राहू दे. थे काम भाऊजीचं व्हतं."

बाबा अजून तसेच आहेत, जरासे कललेले, खिसा उजवीकडे.