आप्पांच्या रेडिओची वेळ

बेळगाव, ता. ८ डिसेंबर १९४५

उद्या पहिल्या मोटारीनं निपाणीला निघायचं आहे. ड्यूटी बदलून घेतली, मेट्रनबाईंना चिठ्ठी दिली, पिशवी भरून दाराशी ठेवली. आता एकच काम राहिलं आहे. घरी जे सांगायचं ते आधी क्रमानं लिहून काढायचं. सांगताना मी सहसा विसरत नाही, पण उद्या एखादी गोष्ट मुद्दाम गाळीन अशी मला भीती वाटते. लिहिलेलं असलं म्हणजे ते जमणार नाही. गावात राहिलेल्यांनी हे वाचावं आणि माझ्यासारख्या बाहेर पडलेल्यांनीही वाचावं.

मी गाव सोडलं तेव्हा एकोणीस वर्षांची होते. नवरा तापानं गेला आणि सासरच्यांनी वर्षाच्या आत मला माहेरी आणून सोडलं. आप्पांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, सहा महिने पाहिलं आणि एका सकाळी गाडी जुंपली. बेळगावच्या दवाखान्यात मुलींना नर्सिंग शिकवतात असं त्यांना तंबाखूच्या बाजारात कुणीतरी सांगितलं होतं. आई माजघरातून बाहेर आली नाही. माझा भाऊ शंकर तीन वर्षांचा होता. तो गाडीत माझ्या गाठोड्यावर बसला आणि निपाणीला मोटार लागली तरी उतरेना. आप्पांनी त्याला बखोटीला धरून उचललं आणि मला म्हणाले, “आक्का, रडायला चाललीस तर आत्ताच माघारी फिर. शिकायला चाललीस तर कवाबी ये.” घरात सगळे मला आक्काच म्हणत, आप्पासुद्धा.

मी शिकले. खासबागेत विणकरांच्या आळीत एक खोली घेतली. पहिल्या वर्षी मागांच्या आवाजानं झोप येत नसे, पुढं सणाला माग बंद राहिले की झोप येईनाशी झाली. बोलणंही बदललं. तापाचं टेंपरेचर झालं, दुखणेकऱ्याचा पेशंट झाला. गावी गेले की बायका म्हणत, आक्काचं बोलणं लई साहेबी झालंय. मी हसून सोडून देई.

आमच्या घरची एक रीत आहे. दिवेलागणीला देवापुढं समई लागली की आप्पा हात जोडून घराबाहेर असलेल्यांची नावं घेतात. पंचवीस वर्षं पहिलं नाव माझं होतं. आई गेल्यावर, १९४० साली, शंकर पलटणीत भरती झाला तेव्हापासून दोन नावं झाली. बेळगावात ट्रेनिंगला होता तोवर रविवारी माझ्याकडं भाकरी खायला यायचा. मग जहाजानं मलायात गेला. सिंगापूर जपान्यांच्या हाती पडलं आणि सरकारी कागद आला, त्यात बेपत्ता एवढंच लिहिलं होतं. मागं त्याची बायको तुळसा, एकोणीस वर्षांची.

पुढच्या वर्षी माझ्या वॉर्डात एका हवालदाराची बायको आली. तिचा नवराही तिकडंच होता. कैद्यांची नावं आणि निरोप शत्रूच्या रेडिओवरून वाचतात, असं तिनं मला सांगितलं. तिच्या नवऱ्याचं नाव मिरजेच्या कुणा अनोळखी माणसानं ऐकलं आणि तिला कार्ड टाकलं होतं. मी तिला स्टेशन विचारलं, कुठल्या मीटरवर लागतं ते विचारलं, कसला सेट लागतो तेही विचारून घेतलं. वेळ विचारली नाही. ती मला विचारण्यासारखी वाटलीच नाही. माणूस घरापासून लांब असला की त्याचं नाव दिवेलागणीला घेतात, हे माझ्या हाडांत इतकं मुरलेलं होतं.

आप्पांना कळवलं तर त्यांचा उलट निरोप आला, रेडिओ बघ. मी कॅम्पातल्या दुकानात गेले. लढाईमुळं नवे सेट येत नव्हते. दुकानदारानं आधी विजेवर चालणारा सेट दाखवला. गावात वीज नाही म्हटल्यावर एक लहानसा बॅटरीचा काढला, त्यावर मुंबई स्वच्छ लागत होती. मी शॉर्टवेव्ह मागितला, परदेशची स्टेशनं त्यावरच लागतात.

“नर्सबाई, म्हाताऱ्या माणसाला भजनं ऐकायला ह्यो बास की. शॉर्टवेव्ह कशाला? हिंडलग्याला जायचंय काय?”

हिंडलग्याला म्हणजे तुरुंगात. शत्रूचं स्टेशन ऐकणं हा तेव्हा गुन्हा होता. मी म्हटलं, तुरुंगात गेले तर तिथंही नर्स लागतेच. तो हसला आणि बदलून गेलेल्या कुणा साहेबाचा एक सेट आतून घेऊन आला. लाकडी पेटी, तीन बँड. बॅटरीच विटेहून मोठी आणि जड, शिवाय दुसरी मिळेल याचा भरवसा नाही, असं त्यानं बजावलं. मी त्याच्यासमोर अर्धा तास काटा फिरवत बसले. सिंगापूर लागलं. बाई इंग्रजीत काहीतरी वाचत होती, आवाज लाटेसारखा मोठा व्हायचा आणि बुडायचा. तोच सेट घेतला, पोस्टात जाऊन लायसन काढलं.

गावी जाऊन मीच एरियल आंब्याच्या फांदीला बांधली. काट्याच्या जागेवर काचेला शेंदराचा ठिपका लावला, म्हणजे आप्पांना आकडे वाचायला नकोत. आणि नियम घालून दिला. समई लागली की एक तास लावायचा, एरवी हात लावायचा नाही. बॅटरी पुरली पाहिजे. आप्पांनी मान हलवली. वेळ त्यांनाही बरोबर वाटली.

पुढच्या पौषात गेले तेव्हा तुळसा म्हणाली, “आक्का, येकदा दुपारचा लावून बघूया का?”

शेतात तंबाखूचे फुटवे काढायचं काम चाललं होतं, घरातलं झाडून सगळं माणूस रानात. मी तिला म्हटलं, “दुपारी कोण बसतंय गं घरात? बॅटरी काय झाडाला लागत्या?” तिला नर्सिंग शिकायला माझ्याकडं यायचं होतं, तेही तिनं त्याच खेपेला विचारलं. आप्पा म्हणाले, शंकर आल्यावर बघू.

दोन वर्षं आप्पा दार लावून, कान पेटीला टेकवून बसले. कितीतरी नावं आली. पंजाबची आली, मद्रासची आली, एकदा साताऱ्याकडचं आलं. आप्पांनी पोस्टमास्तरांकडून त्या घराला कार्डही लिहून घेतलं. शंकरचं आलं नाही. लढाई संपली, बॅटरी त्याआधीच संपली होती. आप्पा तरीही समईनंतर पेटीजवळ बसत. मी हटकलं नाही.

आज दुपारी लक्ष्मण आला. खानापूरकडचा, शंकरच्याच कंपनीतला. सुटून आला आहे, पलटणीच्या डेपोत कागद करायला थांबला होता. संध्याकाळच्या गाडीनं लोंढ्याला जाणार होता. अंगावर मांस नाही. मी खुर्ची दिली तरी तो जमिनीवर बसला आणि आधी मरणाचं सांगितलं. सिंगापुरातून त्यांना एका बेटावर नेलं होतं. तिथं शंकर हगवणीनं गेला, लढाई संपायच्या चार महिने आधी. लक्ष्मणनं आणि आणखी दोघांनी पुरलं.

मी विचारलं, शेवटी काही बोलला का.

“शेवटाला न्हाय. पर सिंगापुरात असताना निरोप दिलता की. रेडिओवर वाचला त्यांनी. घरात ऐकलासा न्हवं तुमी?”

मी म्हटलं, कधी वाचला.

दोन वर्षांपूर्वीच्या मार्गशीर्षात, त्यानं सांगितलं. त्यांच्या छावणीतली नावं रोज एकाच वेळेला वाचत, घड्याळाचा फरक हिशेबात धरून आपल्याकडं दुपारचे तीन. शंकर रोज तीनला म्हणायचा, आता आप्पा ऐकत असतील. निरोप लक्ष्मणला पाठ होता, कारण दोघांनी बसून जुळवला होता : मी बरा आहे. आप्पांनी काळजी करू नये. तुळसानं माझ्यासाठी अडून राहू नये, तिला बेळगावला आक्काकडं पाठवा, शिकू दे.

“त्यो म्हणायचा, आमची आक्का कामाची हाय. तिनं रेडिओ घेतलाच असंल.” लक्ष्मण पुन्हा म्हणाला, “ऐकलासा न्हवं?”

मी त्याला चहा करून दिला. ऐकलं म्हणून सांगितलं. त्याच्याशी खोटं बोलले याचं मला काही वाटत नाही, त्याला गाडी गाठायची होती.

आप्पांनाही असंच काहीतरी सांगता येईल. शंकर गेला एवढं सांगून थांबता येईल. निरोप घरात कुणाला माहीत नाही. पण तो निरोप तुळसाचा आहे. माझ्या नियमामुळं तिची दोन वर्षं रानात आणि चुलीपुढं गेली, आणि मी गप्प बसले तर पुढचीही जातील. माझं घर कुठलं, खासबागेतलं की गावातलं, असं दवाखान्यात नव्या मुली विचारतात तेव्हा मी गावाचं नाव सांगते. आज वाटतं, ज्या उंबऱ्यावर हे सांगितल्यावाचून मला पाय ठेवता येणार नाही, ते माझं घर. सांगितल्यावर ते राहील की नाही, ठाऊक नाही.

ता. ९ डिसेंबर

मोटार वेळेवर होती. निपाणीहून चालत गेले. आप्पा अंगणात बैलाच्या पायाला औषध लावत होते. तुळसानं पाण्याचा तांब्या आणला, तो मी घेतला नाही. आमच्याकडं मरणाचा सांगावा आणणारा सांगितल्याशिवाय पाणी घेत नाही, त्यामुळं दोघांनाही तिथंच कळलं. तुळसा खाली बसली. मी उंबऱ्याबाहेर उभी राहून कागदातलं सगळं सांगितलं : बेट, हगवण, मार्गशीर्ष, तुळसाचा निरोप, दुपारचे तीन. काही गाळलं नाही.

आप्पा हातावरचं औषध धोतराला पुसत राहिले.

“वेळ तूच सांगितलीवतीस गं,” ते म्हणाले.

“व्हय आप्पा. मीच.”

ते बैलाकडं वळले. तुळसानं माझ्याकडं एकदा पाहिलं आणि पदरानं आपलं कुंकू आपणच पुसलं. मग मी विहिरीवर जाऊन तिघांच्या सुतकाच्या अंघोळीचं पाणी ओढलं.