शालूबाईचा हार

सांगलीतल्या त्या टेनिस क्लबाचं कोर्ट एके काळी शेणानं सारवायचे. सारवायची शालूबाई. ओल्या कोर्टावर कुणी पाय टाकला, मग तो डॉक्टर असो नाहीतर वकील, "आवं सायेब, डोळं फुटलं व्हय?" हे ऐकल्याशिवाय त्याची सुटका नसे.

पुढे निळं सिंथेटिक कोर्ट आलं आणि शालूबाई पलूसला लेकीकडं राहायला गेली.

यंदा क्लबाची शताब्दी असल्याचं तिच्या कानावर आलं. बोलावणं नव्हतं, पण घरच्या कार्याला बोलावणं कशाला, म्हणून ठेवणीतलं लुगडं नेसून ती एसटीनं आली आणि मांडवात मागं उभी राहिली.

"क्लबाच्या दिवंगतांना श्रद्धांजली वाहूया," सेक्रेटरी माइकवर म्हणाले. सगळे उठले. शालूबाईनंही हात जोडले. कोण कोण गेलं बिचारं, म्हणून तिनं वर पाहिलं. फ्लेक्सवर जुन्या अध्यक्षांच्या शेजारी, शेणाच्या बादलीसकट, तीच होती! वर हार, खाली उदबत्ती.

खरंच मेले की काय, म्हणून तिनं दंडाला चिमटा काढून बघितला. मग तरातरा पुढं गेली आणि हार ओढून काढला.

"शालूबाई, तुम्ही?" सेक्रेटरींच्या तोंडून कसंबसं निघालं. "बरीच वर्षं दिसला नाहीत, आम्हाला वाटलं..."

"मी न्हाई मेले, सायेब. तुमचं शेणावाचून भागाय लागलं, येवढंच."