न वाजणारे बूट

बसमध्ये तिकिटं तपासण्यात काकांची चौतीस वर्षं गेली. फुकट्या प्रवासी त्यांना म्हणे वासावरून कळायचा. मऊ रबरी तळाचे बूट घालून ते मागच्या दारानं चढत आणि कानाशी एकदम म्हणत, "तिकीट?" निवृत्तीनंतर बस सुटली, बूट काही सुटले नाहीत.

काकूंची एक बाजू लुळी पडली, तशी घरी रुग्णसेवा ब्युरोची बाई ठेवावी लागली. पगार आगाऊ द्यायचा, त्यात काका चोख. पण पैसे घेणारा माणूस काम चुकवणारच, हा चौतीस वर्षांचा अभ्यास. भाजीला म्हणून निघायचे, कोपऱ्यावरून परत फिरायचे, किल्लीचा आवाज न करता दार उघडायचे. दर धाडीत दृश्य एकच: काकू ठसक्यानं लालबुंद आणि बाई त्यांची पाठ चोळतेय. "माझी पाठ फिरली की हे असं," म्हणत त्यांनी दोन महिन्यांत तिघींना घालवलं.

"काका, ही चौथी," ब्युरोच्या मॅडम फोनवर म्हणाल्या. "पाचवी माझ्याकडे नाही. हिच्याशीही जमलं नाही तर काकूंना संस्थेत ठेवा."

काकांनी संस्थेचं सांगितलं, तसं काकूंनी चालत्या हातानं काकांचं मनगट पकडलं. सोडवता सुटेना.

चौथी बाई मोजकं बोलणारी. आल्या आल्या तिनं विचारलं, "जेवणाच्या वेळी घरात कोण असतं?"

"कोणी नाही," काका म्हणाले. सांगून का कोणी धाड घालतं?

तिसऱ्या दिवशी दुपारी एकला त्यांनी दार हळूच ढकललं. काकू दाराकडे पाठ करून खुर्चीत ताठ, हनुवटी खाली. बाई समोर. काका तोंड उघडणार, तोच बाईनं पंजा वर केला. असा पंजा दाखवून आजवर काकांनीच बसगाड्या थांबवल्या होत्या. ते जागीच थांबले.

काकूंच्या तोंडात दाट सूप होतं आणि गळा हलत नव्हता.

"गिळा," बाई हळू म्हणाली. "घाई नाही. परत एकदा."

काकांच्या हातातली पिशवी निसटायला लागली. ती त्यांनी पोटाशी दाबली. अखेर घोट उतरला. मग पुढचा चमचा. असे अकरा चमचे काका उंबऱ्यात खांबासारखे उभे. एकदाही ठसका लागला नाही.

बाईनं रिकामी वाटी उचलली आणि काकांना खुणेनं स्वयंपाकघरात बोलावलं. "गिळताना माणूस दचकलं की घास श्वासनळीत जातो, काका. आधीच्या बोलल्या नाहीत?"

"बोलत होत्या काहीतरी. मला वाटलं, सबबी."

"तुम्ही खुशाल तपासा. पण येताय हे आम्हाला कळू दे. नाहीतर उद्यापासून मी नाही. त्यांचं काही बरंवाईट झालं तर ते माझ्या हातात होणार."

काका बुटांकडे बघत राहिले. "त्या तिघींना फोन करावा म्हणतो."

"करा. शिव्या देतील."

"देतील," काका म्हणाले.

दुसऱ्या दिवशी एकला जिन्यात चपला वाजल्या. माळ्यावरून काढलेल्या, टाचेला खिळे ठोकलेल्या. प्रत्येक पायरीवर ठण्ण. दाराशी येऊन त्या थांबल्या. आतून एक बारीक ठसका ऐकू आला. काकांनी किल्ली कुलपाशी नेली आणि तशीच मुठीत आवळली. आत बाईचा आवाज, "गिळा." मग बराच वेळ काहीच नाही.

"या, काका. संपलं."

दार बाईनंच उघडलं. काकूंनी हात पुढे पसरला होता, तिकीट मागावं तसा. काकांनी निमूट किल्ली त्यावर ठेवली.