संगीता बाय म्हणण्याआधी थांबायची

डिंडोलीतले आम्ही जुने केबलवाले एकत्र बसलो की एकाचा किस्सा संपायच्या आत दुसऱ्याच्या तोंडावर पुढचा आलेला असतो. आणि कुठूनही सुरुवात करा, गाडी संगीतावरच येते. नव्वदच्या दशकात रमणभाईंच्या लोकल चॅनेलवर मुलांचा 'रविवारची गंमत' हा शो लागायचा. त्याची अँकर संगीता, चौथीतली. कॅमेऱ्यामागे मी, एरवी लग्नांची शूटिंग करणारा.

*

आमचा सेट म्हणजे मंडपवाल्याकडून आणलेला पडदा. एकदा त्याच्यावरची थर्माकोलची अक्षरं काढायची राहिली. संगीता गोष्ट सांगतेय आणि मागे 'चि. सुनील वेड्स चि.सौ.कां. ज्योती'! दुसऱ्या दिवशी गल्लीतल्या बायका तिच्या आईला विचारायला आल्या, जेवण कधी आहे म्हणून.

*

शोमध्ये क्विझ असायचं. रमणभाईंनी कार्डावर प्रश्न लिहून दिला, 'कापड कुठून मिळतं?' उत्तर होतं कापसापासून. एक चिमुरडी म्हणाली, "उधन्याहून." संगीताने कार्डाकडे पाहिलंसुद्धा नाही.

"एकदम बरोबर. माझे आबा तिथंच बनवतात."

पेन्सिलबॉक्स त्या चिमुरडीला गेला. रमणभाई कपाळाला हात लावून बसले.

*

आबा म्हणजे तिचे वडील, उधन्याच्या लूमच्या, म्हणजे यंत्रमागाच्या, कारखान्यात कारागीर. धुळ्याकडचे. घरात अहिराणी, शाळेत गुजराती, आमच्याकडे संगीता मराठी बोलायची. आबांची बारा-बारा तासांची पाळी. ते परतायचे तेव्हा पोरगी झोपलेली, ती उठायची तेव्हा ते निघालेले. रविवारीही तेच.

दिवाळीला रमणभाईंनी तिला काय हवं ते माग म्हणून सांगितलं. आम्हाला वाटलं, फ्रॉक मागेल. ती म्हणाली, "आबांच्या कारखान्यात केबल द्या." शेठच्या काचेच्या केबिनमध्ये टीव्ही होता. क्रिकेट दिसणार म्हणून शेठही खूश. रमणभाईंनी माणूस पाठवून वायर टाकून दिली.

*

त्याच सुमारास आमचा माइक बिघडला, म्हणजे आम्हाला तसं वाटलं. शोच्या शेवटी संगीता कॅमेऱ्याकडे बघून काहीतरी बोलायची आणि आवाजच यायचा नाही. मग थोडी थांबायची, मान हलवायची आणि "बाय!" म्हणायची. सोसायट्यांमधून फोन यायचे. रमणभाई ओरडायचे, "माइक बदली नाख!" मी माइक बदलला, वायर बदलली. संगीताला विचारलं तर नुसती हसायची.

*

आता यातलं काही उरलेलं नाही. कॅसेटी महाग, त्यामुळे रविवारचा शो लागून गेला की त्याच कॅसेटवर सोमवारी कुणाचं तरी लग्न. एकदा नवरीचे काका तक्रार घेऊन आले, वरात संपल्यावर एक पोरगी येऊन बाय करते म्हणून. पुढे संगीता आणि तिच्या घरचे सगळे धुळ्याला परत गेले. मला तो शो फार आठवतो. आजही कुणाच्या घरी जुनी लग्नाची कॅसेट निघाली, की मी शेवटपर्यंत बघत बसतो.

*

शो चालू असतानाच्या त्या दिवसांत एका रविवारी कारखान्याच्या शेठचा फोन आला, चित्र हलतंय. मीच गेलो. शनिवारी शूट केलेला आमचाच शो चालू होता. वायर घट्ट केली आणि केबिनबाहेर आलो. लूमच्या खडखडाटात स्वतःचा आवाज ऐकू येत नव्हता. तिथली माणसं एकमेकांच्या ओठांकडे बघून बोलत होती. काचेसमोरच्या लूमवर आबा उभे होते, हात धाग्यावर, नजर टीव्हीवर.

शेवट आला. संगीताचे ओठ हलले.

काचेबाहेर आबांचेही ओठ हलले.

मी शेजारच्या कारागिराला खुणेनं विचारलं, काय? त्याने माझ्या कानाला तोंड लावलं आणि ओरडून सांगितलं, "पोर म्हनस, आबा, आज घर जेवाले ये. तो म्हनस, येसू."

टीव्हीवर संगीता थांबली होती. तिने मान हलवली आणि बाय केलं.